गायक म्हणाला काळी चार, मग मेंडोलिनला कॅपो कुठला घ्यायचा?

भजन असो, भावगीतांचा कार्यक्रम असो नाहीतर कुणाच्या घरची कोजागिरीची मैफल, साथीला बसलं की पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर. पेटीवाले विचारतात, गायक सांगतो "काळी चार", तबलजी हातोडी काढतात, आणि मेंडोलिनवाला गप्प होतो. कारण मेंडोलिनच्या तारांच्या चार जोड्या जी, डी, ए, ई, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. चारही पांढऱ्या. आणि गाणारी मंडळी बहुतेक वेळा सांगतात काळी.

मी साथ करायला लागलो तेव्हा या अडचणीवर कॅपो हा उपाय आहे एवढंच कळलं होतं, कुठला घ्यायचा हे सांगणारं कोणी भेटलं नाही. गिटारवाल्यांना विचारलं तर ते गिटारचं सांगतात आणि मेंडोलिनवाले जुने लोक म्हणतात कॅपो लागतोच कशाला. तीन कॅपो घेऊन झाल्यावर चौथा नीट बसला. ते पैसे आणि मुख्य म्हणजे ऐन कार्यक्रमातली घालमेल तुमची वाचावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी ठरवा, तुम्हाला कॅपो हवाय का

कॅपो हा शब्द इटालियन कापोतास्तो वरून आलाय, नेकवर (वाद्याच्या मानेवर) अडकवायची एक छोटी पट्टी, ती सगळ्या तारा एकदम एका फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या तारेवर) दाबून धरते, म्हणजे नट (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात तो तुकडा) जणू तेवढा पुढे सरकतो. एवढंच काम आहे त्याचं.

आता जुने लोक म्हणतात लागत नाही, त्यात तथ्य आहे. मेंडोलिनच्या जोड्या एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर आहेत, त्यामुळे एक पलटा (स्वरांचा ठरावीक क्रम) एका जागी बसला की तोच बोटांचा आकार पुढे सरकवून कुठल्याही पट्टीत वाजतो. नुसती गाण्याची धून आणि मधले पीस वाजवायचे असतील, मोकळी (बोट न दाबता वाजणारी) तार लागतच नसेल, तर कॅपोशिवाय शिका, हात चांगला तयार होतो. आणि एकट्याने वाजवणारा माणूस आपला सा ठरवून वाद्य त्यावरच लावून ठेवू शकतो. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी तर इलेक्ट्रिक मेंडोलिनवर जोड्यांऐवजी एकेरी तारा, त्याही पाच, घेऊन अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं.

पण साथीदाराचं तसं नसतं. आज एक गायिका काळी चार, पुढच्या गाण्याला दुसरे गायक काळी एक. आणि आपल्या संगीतात मेंडोलिनची जी खरी गंमत आहे ती मोकळ्या जोड्यांत आहे. शेजारच्या दोन जोड्या म्हणजे सा आणि प. जी मोकळी सा धरली तर डी मोकळी प. डी सा धरली तर ए प. ए सा धरली तर ई प. तंबोऱ्याचा सा-प आपल्या वाद्यात आयता बसलेला आहे, धून वाजवता वाजवता तो मागे घुमत ठेवता येतो आणि गायकाला केवढा आधार वाटतो ते एकदा साथ करून बघा. तो आधार काळी चारमध्ये हवा असेल तर दोनच रस्ते, आठही तारा परत लावा किंवा कॅपो लावा.

परत लावायचा रस्ता वाईट नाही बरं का. सगळं अर्ध्या स्वराने उतरवलं की डीची होते काळी एक, एची काळी चार, जीची काळी तीन, ईची काळी दोन. संपूर्ण कार्यक्रम एकाच पट्टीत असेल तर हेच करा. दोन गाण्यांच्या मधे मात्र आठ तारा उतरवणं जमत नाही, तारा लगेच स्थिरही होत नाहीत, आणि चढवायच्या भानगडीत तर पडूच नका, ईच्या बारीक तारा तुटतात.

घ्यायच्या आधी फुकटात करून बघा: सहा कोनांची साधी पेन्सिल, तिची सपाट बाजू तारांवर येईल अशी पहिल्या फ्रेटच्या मागे, नटच्या बाजूला ठेवा, दोन्ही टोकांना नेकच्या मागून घट्ट रबरबँड गुंडाळा. सूर फार चांगला लागणार नाही पण काळी चारचा सा-प मोकळा वाजताना कसा वाटतो ते कळेल. आवडलं तर पुढे वाचा. पाच मिनिटांत काढून ठेवा पेन्सिल, रात्रभर तशीच ठेवू नका.

२. कुठल्या फ्रेटपर्यंत लागणार ते बघा

ही गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि त्यानेच निवड सोपी झाली. लोक विचारतात सातव्या फ्रेटला बसेल का, नवव्याला बसेल का. गरजच नाही. सा-प मोकळा ठेवून बाराच्या बारा पट्ट्या पहिल्या चार फ्रेटांत येतात. हे बघा:

- कॅपो नाही: जीवर सा धरला की पांढरी पाच, डीवर पांढरी दोन, एवर पांढरी सहा
- पहिला फ्रेट: जीवर काळी चार, डीवर काळी दोन, एवर काळी पाच
- दुसरा फ्रेट: डीवर पांढरी तीन, एवर पांढरी सात
- तिसरा फ्रेट: डीवर पांढरी चार, एवर पांढरी एक
- चौथा फ्रेट: डीवर काळी तीन, एवर काळी एक

मोजून बघा, बारा होतात. म्हणजे बोटांना फक्त तीन आकार पाठ हवेत, जीचा सा, डीचा सा आणि एचा सा, बाकी काम कॅपोचं. चौथ्याच्या वर न्यायचं कारण नाही, वर गेलं की आवाज फार बारीक आणि कोरडा होतो, पाचव्या फ्रेटला ईची मोकळी तारच ८८० हर्ट्झवर जाते, ती साथीला टोचते.

एक छोटी सूचना, मालकंससारख्या रागातलं गाणं असेल जिथे प नाहीच, तिथे जीवरचा सा घेऊ नका. डीवर किंवा एवर सा धरा, मग त्याच्या खालची जोडी आपोआप मंद्र मध्यम (खालच्या सप्तकातला म) होते आणि सा-म घुमवता येतो. प लागणारी जोडी तेवढी मोकळी वाजू द्यायची नाही.

तर कॅपो निवडताना लक्ष ठेवायचं पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर, आणि त्यातही सगळ्यात जास्त पहिल्यावर, कारण काळी चार, काळी दोन आणि काळी पाच तिन्ही तिथेच आहेत. आणि कुठल्याही कॅपोला तीच जागा सगळ्यात अवघड असते, नट अगदी शेजारी असल्यामुळे तारा तिथे ताठ असतात, दाब जास्त लागतो.

३. आपल्या वाद्याचं माप घ्या

माप न घेता कॅपो घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं. लागणारं सामान फार नाही:

- १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, जिची कड सरळ आहे अशी
- व्हर्निअर कॅलिपर (हार्डवेअरच्या दुकानात प्लॅस्टिकचा मिळतो, तो पुरतो)
- हेडला चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर (सूर बरोबर लागला का ते दाखवणारा)
- फोनमध्ये तंबोऱ्याचं अॅप
- तारांच्या पाकिटावरचा नंबर, पाकीट फेकलं नसेल तर

रुंदी: नटजवळ आणि चौथ्या फ्रेटजवळ फ्रेटबोर्डची रुंदी मोजा. नेहमीच्या मेंडोलिनला नटजवळ साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरते, चौथ्या फ्रेटला दोन-तीन मिलिमीटर जास्त. गिटारला नटजवळच ४३ च्या आसपास असते, हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाडी: तारांच्या वरपासून नेकच्या पाठीपर्यंत कॅलिपर हलकेच लावून पहिल्या आणि चौथ्या फ्रेटला मोजा. कॅपोचा जबडा किती उघडतो आणि किती मिटतो हे यावरून कळतं. बारीक नेकवर काही कॅपो पुरते मिटतच नाहीत. नेकच्या पाठीचा आकारही हाताने चाचपून बघा, गोल आहे की मधे धार आल्यासारखा. भोपळ्यासारख्या गोल पाठीची जुन्या इटालियन पद्धतीची मेंडोलिनं असतात, त्यांची नेक बऱ्याचदा धारेची असते, त्यावर स्प्रिंगचा कॅपो तिरका होतो आणि सरकतो.

फ्रेटबोर्ड सपाट की बाकदार: हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी बघत नाही. स्टीलच्या पट्टीची कड दुसऱ्या फ्रेटवर आडवी टेकवा, तारांच्या खालून किंवा तारा बदलताना. उजेडाकडे धरून बघा. कडेला फटी दिसल्या तर बोर्ड बाकदार, कुठेच उजेड दिसला नाही तर सपाट. सपाट कॅपो बाकदार बोर्डवर लावला तर मधल्या डी आणि ए दाबल्या जातात आणि कडेच्या जी आणि ई भणभणतात. बाकदार कॅपो सपाट बोर्डवर लावला की उलटं, कडेच्या ठीक, मधल्या मेलेल्या. मऊ रबराचा कॅपो थोडासा फरक पोटात घेतो, पण थोडासाच.

घराची (दोन फ्रेटांमधल्या जागेची) लांबी: नट ते ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) साधारण ३५२ मिलिमीटर असेल (मोठ्या कंपन्यांच्या मेंडोलिनचं हेच माप असतं) तर नटपासून पहिला फ्रेट जवळपास २० मिलिमीटरवर येतो, आणि तिसऱ्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर साडेसोळा. गिटारचं पहिलं घर ३६ च्या पुढे असतं. म्हणजे जाडजूड कॅपो गिटारवर दिसतसुद्धा नाही पण मेंडोलिनवर अर्धं घर तोच खातो, आणि मग पुढच्या फ्रेटवर बोट ठेवायला गेलं की नख त्याच्यावर आपटतं. कॅपोच्या दांडीची (तारांवर टेकणाऱ्या भागाची) रुंदी १० मिलिमीटरच्या आत असलेली बरी.

४. कॅपोचे प्रकार, आणि माझं मत

इलॅस्टिकचा पट्टा असलेला: स्वस्त, हलका, नेकला ओरखडा येत नाही. पण दाब ठरावीक भोकांवर अवलंबून, एका भोकाला सैल आणि पुढच्याला फार घट्ट, शिवाय लावायला वेळ. पट्टा काही महिन्यांत ढिला पडतो. शिकताना ठीक, कार्यक्रमाला नको.

स्प्रिंगचा, दाबून उघडणारा: एका हाताने दोन सेकंदात लागतो, म्हणून सगळ्यांना हाच हवा असतो. यात दाब कमीजास्त करता येत नाही, स्प्रिंग ठरवेल तेवढा. मेंडोलिनसाठी बनवलेला असेल तर स्प्रिंग त्या हिशोबाने असते आणि छान चालतो. कायझर कंपनी बँजो-मेंडोलिनसाठी असा वेगळा बनवते.

स्क्रूचा: मागे किंवा बाजूला एक स्क्रू, फिरवत फिरवत दाब वाढवायचा. हव्या तेवढ्या दाबावर थांबता येतं, हलका असतो. डॅडारिओचा बँजो-मेंडोलिनवाला या पद्धतीचा आहे. पेज कंपनीचे कॅपो तर अख्ख्या नेकभोवती कडं घातल्यासारखे बसतात.

खटक्याचा: मागे एक कांडी, ती मिटवली की खट्कन बसतो, आणि कांडीवरच्या छोट्या स्क्रूने दाब आधी ठरवून ठेवायचा. शब कंपनीचे कॅपो या पद्धतीचे, त्यांचंही बँजो-मेंडोलिनचं वेगळं मॉडेल आहे. एकदा स्क्रू लावला की पहिल्या फ्रेटला दर वेळी तेवढाच दाब. चौथ्या फ्रेटला नेक जाड होते तेव्हा अर्धा फेरा सैल करावा लागतो, तेवढी सवय करायची.

माझं मत स्पष्ट आहे, पहिला कॅपो घेताय तर दाब कमीजास्त करता येईल असाच घ्या, स्क्रूचा किंवा खटक्याचा. कारण सांगतो. गिटारवर दाब थोडा जास्त झाला तर कॉर्ड किंचित चढल्यासारखी वाटते, खपून जाते. आपल्याकडे एका स्वराला दोन तारा आहेत. दाब वेडावाकडा पडला की जोडीतली एक तार चढते, दुसरी तिथेच राहते, आणि त्या दोघींत लाट उठते, वाँव वाँव अशी. सा-प घुमवायचा म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि तोच सा फुटका ऐकू आला तर गायकाला त्रासच. म्हणून कॅपो किती झटपट लागतो, दिसतो कसा, हे सगळं नंतर. जोड्या जुळलेल्या राहतात का, हे पहिलं.

यात अजून एक अडचण आहे ती म्हणजे तारांची जाडी. नेहमीच्या मीडियम सेटमध्ये ईची तार .०११ इंच आणि जीची .०४० इंच असते, म्हणजे पाव मिलिमीटरच्या जरा वर ते एक मिलिमीटर. कॅपोच्या रबराने जीवर दबायचं आणि त्याच वेळी ईपर्यंत खाली पोचायचं असतं. रबर कडक असेल तर जी जोडीच दांडी उचलून धरते आणि पलीकडच्या बारीक जोड्या भणभणतात, मग आपण अजून आवळतो, मग सगळंच चढतं. नखाने रबर दाबून बघा, खूण उमटून हळूहळू नाहीशी झाली पाहिजे. खूणच उमटत नसेल तर तो कडक आहे.

५. या चुका करू नका

गिटारचा कॅपो. घरात पडलेला असतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीसुद्धा. ४३ मिलिमीटरच्या नेकसाठी बनवलेली दांडी २९ च्या नेकवर लावली की खाली बोटभर शेपूट बाहेर राहतं, ते डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी लागतं. स्प्रिंगही फार दणकट असते. एका घरगुती कार्यक्रमात मी तो लावून बसलो, एकट्याने वाजवताना बरा वाटला होता, पेटी सुरू झाली आणि ए जोडी चढलेली स्पष्ट ऐकू यायला लागली. दुसऱ्या गाण्याला काढून ठेवला आणि नुसती धून वाजवली.

युकुलेलेचा कॅपो. आकाराने जवळ वाटतो, दुकानदारही देतात. पण तो चार नायलॉनच्या तारांसाठी, इथे आठ पोलादी. त्याची स्प्रिंग पहिल्या फ्रेटला पुरत नाही.

"गिटार, युकुलेले, बँजो, मेंडोलिन सगळ्याला चालतो" असं लिहिलेला. ऑनलाइन शोधलं की हेच सगळ्यात वर येतात. सगळ्याला चालतो म्हणजे तो मुळात गिटारचा असतो. वर्णनात दांडीची लांबी मिलिमीटरमध्ये दिली आहे का बघा, नसेल तर फोटोतल्या नेकवर किती तारा दिसतात ते बघा. मी असाच एक मागवला होता, परत करायची मुदत कार्यक्रमाच्या गडबडीत निघून गेली. पाकीट आलं की त्याच दिवशी तपासा.

याउलट बँजोचा म्हणून विकला जाणारा कॅपो मेंडोलिनला बऱ्याचदा छान बसतो, पाच तारांच्या बँजोची नेक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच जास्त रुंद असते. म्हणूनच कंपन्या दोघांना मिळून एकच मॉडेल काढतात. मेंडोलिन कॅपो असं शोधून काही मिळालं नाही तर बँजो कॅपो शोधा. फक्त सपाट आणि बाकदार तेवढं बघा.

आणि इलेक्ट्रिक, एकेरी तारांचं मेंडोलिन असेल तर वरची निम्मी काळजी सोडून द्या, जोडी फुटायचा प्रश्नच नाही.

६. दुकानात अशी तपासणी करा

मेंडोलिन बरोबर घेऊनच जा. "तुम्ही घेऊन जा, बसेल" यावर विश्वास ठेवू नका, दुकानदार मुद्दाम फसवत नसतात, त्यांच्याकडे मेंडोलिनचं गिऱ्हाईक फार क्वचित येतं एवढंच. जायच्या आधी घरी तारा नव्या नाहीतर निदान गंजलेल्या नाहीत असं बघा, आणि बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागतोय का ते ट्यूनरवर तपासा. आपल्या मेंडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तो सरकतो. तोच जागेवर नसेल तर चांगल्यातला चांगला कॅपो बेसूर वाटेल आणि तुम्ही कॅपोला दोष द्याल.

मग दुकानात हे या क्रमाने:

आठही तारा ट्यूनरवर नीट लावा. कॅपो पहिल्या फ्रेटला लावा (दुसऱ्याला किंवा पाचव्याला लावून दाखवतील, तिथे सगळेच चांगले वाजतात, तुम्ही पहिल्यालाच लावा). आता आठ तारा एकेक करून छेडा, जोडीने नाही, एकेक. भणभण, खरखर किंवा दबलेला आवाज येतो का बघा.

पुन्हा एकेक तार ट्यूनरवर बघा. सगळ्या अर्धा स्वर वर गेल्या पाहिजेत. सुई दोन-तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) पुढे गेली तर चालतं, एवढं सगळ्याच कॅपोंना होतं. पाच सेंटच्या पुढे गेली तर दाब कमी करून बघा, कमी केल्यावर भणभणायला लागली तर तो कॅपो तुमच्या मेंडोलिनचा नाही. आणि एका जोडीतल्या दोन तारांत फरक पडला असेल तर तो सगळ्यात मोठा दोष समजा.

मग फोनवर तंबोऱ्याचं अॅप काळी चारला लावा आणि त्याच्याबरोबर जी आणि डी मोकळ्या वाजवत राहा, मिनिटभर. ट्यूनर जे दाखवत नाही ते इथे कानाला कळतं. लाट ऐकू आली नाही, आवाज तंबोऱ्यात मिसळून गेला, की समजायचं जमलं.

आता डावा हात नेहमीच्या जागी ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर एखादा पलटा वाजवा, मग भरभर ट्रेमोलो (एकच स्वर झपाझप वरखाली छेडत राहणं). हाताला कुठे टोचतंय का, कांडी किंवा स्क्रू मनगटाकडे येतोय का. येत असेल तर कॅपो उलट्या बाजूने लावून बघा, काही उलटे जास्त छान बसतात. शेवटी चौथ्या फ्रेटला एकदा लावून बघा, जबडा पुरतोय ना.

या तपासणीत एक गोष्ट कधीकधी बाहेर येते. कॅपो लावल्यावर बोटांना एकदम हलकं वाटतं आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटांतले स्वरही जास्त खरे लागतात. याचा अर्थ तुमच्या नटच्या खाचा उंच आहेत. कारागिराकडून त्या जरा खोल करून घ्या, कॅपो नसतानाही वाजवणं सोपं होईल.

७. लावायची पद्धत

कॅपो फ्रेटच्या धातूवर नाही, त्याच्या लगेच मागे, अगदी चिकटून. घराच्या मधोमध लावला की जास्त दाब लागतो आणि तारा चढतात. दांडी फ्रेटला समांतर, तिरकी नको.

दाब असा ठरवा: आधी सैल लावा, तारा एकेक छेडत स्क्रू हळूहळू आवळा, शेवटची भणभणणारी तार स्वच्छ वाजली की थांबा. त्याच्या पुढे अगदी किंचित, पाव फेरा. बस. लावताना तारा आडव्या ओढल्या जात नाहीत ना बघा, कॅपो वरून सरळ खाली टेकवायचा, बाजूने सरकवायचा नाही.

लावून झाल्यावर प्रत्येक जोडी कॅपोच्या पुढे अंगठ्याने हलकेच खाली दाबून सोडा, रबरात अडकलेली तार जागेवर येते. मग एकदा सूर बघा आणि लागलंच तर चावी अगदी थोडी फिरवा. कॅपो काढल्यावर ती परत बघायची, हे विसरू नका, पुढचं गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर तिथेच गडबड होते.

पेटीबरोबर वाजवताय तर सूर पेटीवरून घ्या. बऱ्याच जुन्या पेट्या ट्यूनरच्या ४४० च्या (ए स्वर ४४० हर्ट्झ धरण्याच्या) हिशोबाला थोड्या वर किंवा खाली असतात. आधी कॅपो न लावता पेटीच्या पांढरी सहावर ए जोडी लावा, ट्यूनरमध्ये आकडा बदलून तो जुळवून घ्या (४४२, ४४३, जो येईल तो), त्यावर बाकीच्या जोड्या लावा आणि मग कॅपो. उलट क्रमाने केलंत तर चूक कॅपोची की पेटीची हे कळतच नाही.

८. ठेवायचं कसं

वाजवून झालं की काढायचा. नेकवर तसाच ठेवून मेंडोलिन त्याच्या केसमध्ये बंद केलं की रबरात तारांच्या खाचा पडतात आणि पुढच्या वेळी तारा त्या जुन्या खाचांत जाऊन बसतात, जोडी जवळ ओढली जाते. खाचा खोल झाल्या की रबर बदला, चांगल्या कंपन्यांचं सुटं रबर मिळतं. घेतानाच विचारून ठेवा.

तुमचं मेंडोलिन जुनं किंवा महागडं आणि लॅकरच्या पातळ पॉलिशचं असेल तर कॅपो नेकला लावून किंवा हेडला अडकवून ठेवायचाच नाही, रबर आणि व्हिनाइल त्या पॉलिशला खातं, डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. ज्या बाजूला कॅपो नेकच्या पाठीला टेकतो तिथलंही रबर तपासत जा, ते झिजून खालचा धातू उघडा पडला की नेकवर व्रण येतो.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत स्क्रू आणि स्प्रिंग गंजतात. कार्यक्रमानंतर घामाचा हात लागलेला असतो, सुक्या फडक्याने पुसा, स्क्रूवर महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, रबराला तेल लागू द्यायचं नाही. रबर चिकट झालंय असं वाटलं तर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या आणि मगच तारांवर लावा, नाहीतर तो चिकटा तारांना लागतो आणि ई जोडी आठवड्यात काळी पडते.